ठिपक्यांच्या कोंबडीचा खटला

वुंगेनी, पारे डोंगर
९ मार्च १९८७

प्रिय नाकिज्वा,

तू पाठवलेला साबण आणि साखर बसच्या ड्रायव्हरकडून पोचली. साखरेची पुडी जरा हलकी वाटली, पण त्याच्या मिशीला काही चिकटलेलं दिसलं नाही, म्हणून त्याला संशयाचा फायदा दिला. माझा गुडघा बरा आहे. शाळेची मोडकी बाकं दुरुस्तीला आली आहेत, त्यामुळे रंधा-करवत चालू असते. धुकं दुपारपर्यंत अंगणातच ठाण मांडून बसतं.

आता कामाचं बोलतो. मी तारिमोवर चोरीची फिर्याद केली आहे. हो, आपलाच तारिमो, गिरणीवाला. तुझ्या नामकुंडावहिनीची ती ठिपक्यांची कोंबडी तुला आठवत असेल. जानेवारीत, नामकुंडाला माती दिली त्याच दिवशी, त्याने ती माझ्या अंगणातून पाय धरून, उलटी लटकवून नेली. सगळ्या गावाने पाहिलं. खालच्या बाजारातल्या न्यायालयात मी कागद दाखल केले असून तारीखही मिळाली आहे.

तुझी साक्ष लागेल. बस चिखलात रुतल्याने तू दफनानंतर पोचलीस, तेव्हा तू चोरी पाहिली नाहीस, हे मान्य. पण कोंबडी कशी होती ते तू लेखी देऊ शकतेस. रंग, चाल, स्वभाव, सगळं लिही. तारिमो म्हणणार की ती म्हातारी आणि खडूस होती. ती खडूस नव्हती, स्वाभिमानी होती, असं स्पष्ट लिही.

बाकी ठीक. घरात शांत आहे.

तुझा भाऊ,
एलिसांते म्गोंजा (फिर्यादी)


टांगा
२१ मार्च १९८७

दादा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि निम्म्यात बसले. सहीपुढचं ते 'फिर्यादी' वाचून आमच्या ह्यांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. तू स्वतःच्या बहिणीलाही फिर्यादी म्हणून सही करून पाठवतोस!

चग्गा लोक आपल्याला काय चिडवतात, विसरलास का? 'पारे माणूस कोंबडीच्या खटल्यासाठी गाय विकतो.' आजवर ती नुसती थट्टा होती, तू आता पुरावा तयार करायला निघालास. आपल्या बाबांचंच बघ ना. शेजाऱ्याच्या केळीची सावली आपल्या वाळवणाच्या घेवड्यावर पडते म्हणून त्यांनी खटला भरला. केळ वठली, घेवडा संपला, शेजारी देवाघरी गेला, तरी बाबा आपले दर तारखेला कोट घालून हजर. आई म्हणायची, 'सावली गेली, पण ह्यांच्या डोक्यावरून नाही गेली.' तेच डोकं तुझ्याकडे आलंय.

आणि तारिमो चग्गा असला म्हणून काय परका आहे? चग्गा आणि पारे म्हणजे थट्टेचे सोयरे. आपल्या मयतात त्याने येऊन आपल्याला शिव्या घालायच्या, मेलेल्याच्या नकला करायच्या, रडणाऱ्यांना हसवायचं, आणि जाताना दारातलं आवडेल ते उचलून न्यायचं. ते मागायचं नसतं. त्याच्याकडे कुणी गेलं की आपणही तेच करायचं. त्याची बायको ऐकांदे गेली तेव्हा तू तिच्या खड्ड्यात उतरून आडवा झाला होतास. 'ही जागा वादग्रस्त आहे, निकाल लागेपर्यंत इथे कुणाला पुरू देणार नाही,' म्हणालास! बिचारा तारिमो, दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नव्हता त्याने, पण झाडाला धरून धरून हसला. आणि येताना तू त्याची छत्री उचललीस. अजून वापरतोस. त्याने नाही केला खटला.

थट्टासोयऱ्याने नेलेल्या कोंबडीचा खटला ऐकून न्यायाधीश हसता हसता खुर्चीवरून पडेल, आणि मग त्याच्या मोडलेल्या हाडांचा दावा तुझ्यावर येईल.

आता हसू बाजूला ठेवून सांगते. चाळीस वर्षांची मैत्री आहे तुमची. वहिनी गेली. तारिमोही तुटला तर तुझ्याशी बोलणारं कोण उरेल? कोर्टाचा शिपाई? माझं ऐक, कागद मागे घे.

तुझी,
नाकिज्वा

ता. क. कोंबडी खडूसच होती. मला दोनदा टोचलंय.


वुंगेनी
१७ एप्रिल १९८७

प्रिय नाकिज्वा,

तुझ्या पत्राचा सूर मला आवडला नाही, पण साखर आवडली.

पहिली तारीख झाली. झाली म्हणजे वाया गेली. कोर्टाच्या शिपायाने समन्स भलत्याच तारिमोला नेऊन दिलं. हा तारिमो खाली सामेला बसवर कंडक्टर आहे. आपल्या तारिमोला त्याने जन्मात पाहिलेलं नाही. 'कोंबडीची चोरी' एवढं वाचून तो इतका घाबरला की उजाडताच एक लाल कोंबडी काखेत मारून हजर झाला आणि न्यायाधीशांपुढे हात जोडून म्हणाला, "साहेब, मी चोरली नाही, पण ही घ्या नि मला सोडा."

मी उठून म्हणालो, "साहेब, ही माझी कोंबडी नाही आणि हा माझा चोरही नाही."

न्यायाधीश कापुफी हे पार पश्चिमेकडच्या फिपा जमातीचे. नुकतेच बदलून आलेत. त्यांनी कंडक्टरला घरी पाठवलं. पण तोवर कारकुनाने कोंबडीची पावती फाडून ठेवली होती, आणि पावती फाडलेली वस्तू सरकारची, ती परत देता येत नाही म्हणे. ती अजून कोर्टातच आहे. शिक्क्यांच्या खणात अंडी घालते. त्या दिवसापासूनच्या सगळ्या कागदांवर शिक्क्याऐवजी काहीतरी पिवळंच उमटतंय.

मग न्यायाधीशांनी मला जवळ बोलावलं. "म्गोंजा, तुमचा हा गिरणीवाला चग्गा आहे ना? तुमचा थट्टासोयरा? अहो, माझ्याही थट्टासोयऱ्यांनी माझी सायकल नेली आहे, एकदा नाही, दोनदा. मी कधी ब्र काढला नाही. ही चोरी कशी होते ते मला समजावा."

मी म्हणालो, "पुढच्या तारखेला समजावतो."

तुला आत्ताच सांगतो, कारण कुणाला तरी सांगायला हवं. नाकिज्वा, त्या दिवशी तारिमो आला तो हात हलवत आला. मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो. मला आतून काहीच वाटत नव्हतं, मी लाकूड झालो होतो. मला एवढंच ठाऊक होतं, की तारिमो येईल, मला कंजूष म्हणेल, नामकुंडाच्या चालण्याची नक्कल करेल, आणि मग माझ्यातलं काहीतरी हलेल. मी त्याच्याकडे बघत राहिलो. आणि तो रडला. परक्यासारखा, पाहुण्यासारखा, तोंडावर हात धरून रडला. एक शब्दही वाकडा बोलला नाही. मग गर्दी पांगली तसं जाता जाता कोंबडी उचलून चालता झाला.

आता तूच सांग. थट्टा केली असती तर कोंबडी त्याची होती. कोंबडीच काय, गोठा नेला असता तरी मी हूं म्हटलं नसतं. पण तो रडला. रडला तो थट्टासोयरा नव्हे. आणि थट्टासोयरा नव्हे तर ती चोरी. यात कुठे खोट आहे ते दाखव.

तेव्हापासून मी दळण पलीकडच्या डोंगरावर नेतो. गुडघा दुखतो. तोही माझ्याकडे आलेला नाही.

तुझा भाऊ,
एलिसांते

ता. क. हो, कालवड विकली. त्याचा त्या म्हणीशी संबंध नाही. ती विकायचीच होती.


टांगा
२८ एप्रिल १९८७

दादा,

यात खोट नाही. मी आधी चेष्टा केली, ती मागे घेते. मी वेळेवर पोचले असते तर मीच तुला काहीतरी वेडंवाकडं बोलले असते. ते राहिलं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

सोबत लेखी साक्ष जोडली आहे. 'कोंबडी ठिपक्यांची, चाल डौलदार, स्वभाव स्वाभिमानी.' सही केली आहे.

नाकिज्वा


वुंगेनी गिरणी
१० मे १९८७

खटलेवाल्यांच्या लेकी नाकिज्वा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला पुरेसं तिकीट लावायला विसरलीस, त्याचा दंड मला भरावा लागला. पारे माणसाचं पत्रसुद्धा समोरच्याच्या खिशातून येतं!

तू विचारतेस, मी का रडलो. तुझा भाऊ मला कोर्टात खेचतो, तू मला पत्रात खेचतेस. सगळं कुळच वकिलांचं.

ऐक तर मग. मी तयारी करून आलो होतो. वहिनींची नक्कल मला झोपेतही येते. ऐकांदे गेल्यावर वर्षभर त्यांनी मला दुपारचं जेवण गिरणीवर पाठवलं. एकदाही विचारलं नाही की खातोस का. नुसतं डबा ठेवायच्या नि ओरडायच्या, "मका-घेवडा आहे. चग्ग्यांना पचत नाही, तरी खा." मी रोज म्हणायचो की कुत्र्याला घातला. रोज डबा चाटूनपुसून परत द्यायचो.

त्या दिवशी डोंगर चढताना मी पहिलं वाक्य घोकत आलो. खड्ड्यापाशी पोचलो, आणि तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता. पाणी आणणाऱ्याकडे तहानलेला माणूस बघतो, तसा. आणि माझ्या लक्षात आलं की मीही त्याच्याकडे तसाच बघतोय. आजवर दोघांपैकी एक जण दुःखात असायचा, दुसरा हसवायचा. ह्या वेळी दोघांचंही माणूस गेलं होतं. माझ्याच्याने झालं नाही, बाई. तोंड उघडलं तर आतून दुसरंच काही आलं.

निघताना आठवलं, की मी रीतच पाळलेली नाही. घाईघाईने समोर दिसली ती कोंबडी धरली, निदान तेवढं तरी व्हावं म्हणून. तेही धड झालं नाही. ती कापायचीही हिंमत नाही झाली. गिरणीत पीठ खाऊन अशी माजलीय की गिऱ्हाइकांना टोचते.

एलिसांतेच्या दारापर्यंत मी तीनदा गेलो आणि फिरलो. काय म्हणू त्याला? मयत होऊन गेलं. उतरलेली केळ्याची दारू आणि उशिरा सुचलेली थट्टा, दोन्ही कुणाला देऊ नयेत. त्यापेक्षा गुन्हा कबूल करतो आणि शिक्षा घेतो. तुरुंगात निदान पारे लोक सोबतीला असतील, निम्मे तिथेच असतात.

तुझा,
तारिमो (आरोपी)


टांगा
१८ मे १९८७

तारिमो,

ह्या वेळी तिकीट पूर्ण लावलंय, मोजून घे.

गुन्हा कबूल केलास तर मी स्वतः येऊन तुझी गिरणी पेटवीन. माझ्या भावाला कोंबडी नकोय, अरे खुळ्या. त्याला तू हवा आहेस. पारे माणसाला ते तोंडाने मागता येत नाही, म्हणून त्याने सरकारमार्फत मागितलंय.

मयत झालं म्हणतोस. त्याच्यापुरतं अजून झालेलं नाही, तो अजून तिथेच उभा आहे. न्यायाधीश तुला विचारतील, 'तुला काय म्हणायचंय?' तेव्हा म्हण.

नाकिज्वा


वुंगेनी
६ जून १९८७

प्रिय नाकिज्वा,

खटला हरलो. सविस्तर लिहितो.

काल तारीख होती. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. कोंबडीसाठी गाय विकणारा पारे प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायला सामेहून माणसं आली होती. तो कंडक्टरही आला होता, आणि ह्या वेळी रिकाम्या हाताने. मी बाबांचा कोट घातला होता. न्यायाधीशांच्या दोन्ही बाजूंना सल्लागार वृद्ध बसले होते. त्यातले एक आल्या आल्याच झोपले.

मी माझं म्हणणं मांडलं, तुला लिहिलं होतं तसंच. रडला, म्हणून सोयरा नाही. सोयरा नाही, म्हणून चोर.  कापुफीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मुद्दा आहे. आरोपीला काय म्हणायचंय?"

आरोपी दारातून आला तो डोक्याला बायकांचं रंगीत कापड, कांगा, गुंडाळून. कोटावरून कमरेला दुसरा कांगा. आणि चालत होता नामकुंडासारखा. एक हात कमरेवर, मान थोडी डावीकडे, जणू कुणीतरी चूल चालू ठेवून गेलंय आणि तिला त्याचा वास आलाय. हसू कुणालाच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तो पिंजऱ्याकडे गेलाच नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "एलिसांते, टोपी काढ. सरकारच्या घरात आहेस."

नाकिज्वा, तिचाच आवाज. मी टोपी काढली.

"मी डोळे मिटले आणि तू लगेच कोर्टात? मला वाटलं होतं, निदान मका तरी काढशील आधी. आणि हा कोट! ह्याच्या खिशात तुझ्या बापाने ठेवलेला घेवडा अजून आहे, मोड आले असतील." मग तो गर्रकन वळला आणि स्वतःच्या आवाजात गरजला, "साहेब! आता ह्या माणसावर माझी फिर्याद घ्या. हा सुतार आहे. बायकोची शवपेटी ह्याने स्वतःच्या हाताने केली. पाहिली कुणी ती पेटी? दोन माणसं आणि एक बकरी झोपेल एवढी! का? तर पारे! पुढे-मागे दुसरी पेटी करावी लागू नये म्हणून एकीतच जागा ठेवली. खड्डा दोनदा खणावा लागला. आम्ही खांद्यावर नेत होतो, तर आत वहिनी ह्या टोकाकडून त्या टोकाकडे. उतारावर मला स्पष्ट ऐकू आलं, आतून म्हणत होत्या, 'एलिसांते, मेल्या, किती वेळा सांगितलं, आधी मोज, मग काप!'"

ती पेटी सगळ्या गावाने पाहिली होती. पाच महिन्यांत माझ्या तोंडावर कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. लोक माझ्या अंगणात यायचे, बाकांच्या फळ्यांकडे बघायचे नि हवापाण्याचं बोलून जायचे.

आधी झोपलेला वृद्ध खिंकाळला. मग कारकून. कापुफीसाहेबांनी फाईल तोंडापुढे धरली, पण फाईलच हलायला लागली. आणि माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं खोकला. हसू होतं ते. इतकं हसलो की बाकाला धरावं लागलं, बाक हलला, शेजारचा पडला. मग ते हसू थांबेना. आणि मग ते हसू उरलं नाही. मी रडलो. मयतात नव्हतो रडलो, घरी नव्हतो, रविवारी चर्चमध्येही नाही. कोर्टात, बाबांच्या कोटात, सामेच्या कंडक्टरसमोर ओक्साबोक्शी रडलो.

तारिमो नाही रडला. डोळे लाल होते, पण जागचा हलला नाही. कांग्याचा पदर माझ्यापुढे धरून म्हणाला, "पूस. पण नाक शिंकरू नकोस, मागून आणलाय."

बऱ्याच वेळाने कापुफीसाहेबांना बोलता आलं. त्यांनी निकाल दिला, "आरोपी हा फिर्यादीचा थट्टासोयरा असल्याचं ह्या न्यायालयासमोर सिद्ध झालं आहे. त्याला उशीर झाला, पण उशीर हा गुन्हा नाही. फिर्याद फेटाळली." कोंबडी आता कायद्याने तारिमोची. घेऊ दे टोचून.

आम्ही दोघं बरोबर वर चढलो. अर्ध्या वाटेवर माझा गुडघा बोलायला लागला, म्हणून दगडावर बसलो. तिथे मी त्याला एक सांगितलं. तुलाही सांगतो. माप चुकलं नव्हतं. मी टेप घेऊन नामकुंडाजवळ गेलो होतो. पण तिच्या अंगाला टेप लावायला हात उठेना. चाळीस वर्षं लाकूड मापलं, पण तिला मापणं मला जमेना. मग मी परसात जाऊन स्वतःचंच माप घेतलं आणि त्यावरून पेटी केली. मी हा असा ताडमाड, आणि ती चिमणीएवढी.

 तारिमोचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि मला वाटलं, हा पुन्हा रडतोय की काय. त्याने खाली दरीकडे बघितलं, नाक ओढलं, घसा खाकरला.

"म्हणजे तुझ्या वेळी वहिनींच्या मापाची करायची," तो म्हणाला. "पाय दुमडून कोंबतो तुला. आतापासून सवय कर."

त्यावर आम्ही एवढे हसलो की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

आता हे पत्र संपवून जरा आडवा होतो. पाय दुमडून जमतं का बघतो.

तुझा भाऊ,
एलिसांते